बैलाच्या पोटाखालचं नाव

दार-खिडकी करून घ्यायची असेल तर देवरावभाऊंकडे जाऊ नका, असं मी स्वतः निदान दहा जणांना सांगितलेलं आहे. त्यांच्या समोरच राहते मी, मला नाही माहीत तर कोणाला? माझ्या न्हाणीचं दार करायला त्यांनी दोन पावसाळे लावले. आज आणतो, उद्या बसवतो, परवा नक्की. तोवर आम्ही तिथे जुनी सतरंजी टांगून आंघोळी करत होतो. भांडायला गेले की म्हातारा हातातली पटाशी खाली ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि अगदी शांतपणे म्हणायचा, "शोभाबाई, दाराले कायची घाई? घाई बैलाले असते."

आता यावर माणसानं काय बोलावं! मी महागावच्या कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावून बसते. दिवसभर लोकांची भांडणं कागदावर उतरवते. पण या एका माणसाशी मला कधी धड भांडता आलं नाही.

बैल म्हणजे लाकडी बैल, तान्ह्या पोळ्याचे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा भरतो. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी होऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले चाकांचे बैल झूल घालून, शिंगांना बेगड लावून दोरीनं ओढत आणतात. मग घरोघर फिरतात आणि प्रत्येक घरी त्यांच्या हातावर बोजारा पडतो, म्हणजे चार पैसे नाहीतर खाऊ. देवरावभाऊ पोटासाठी दारं, खाटा, तण काढायचे डवरे करायचे, पण त्यांचा जीव सगळा या बैलांत. उन्हाळा लागला की शिवणीचं लाकूड यायचं आणि तिथून पुढे पोळ्यापर्यंत गावातल्या कोणाचीही खाट मोडली तर त्यानं खुशाल जमिनीवर झोपावं.

बैल करायची त्यांची एक रीत होती. पाय आधी, मग वशिंड, मग तोंड, आणि डोळे सगळ्यात शेवटी. मी एकदा विचारलं, भाऊ, डोळे आधी केले तर काय बिघडते? तर म्हणाले, "आधी डोळे देल्ले त तो पाह्यत बसते. मंग हात लाजते माह्या." आणि डोळे करायच्या आधी हात धुवायचे, साबण लावून. जेवायच्या आधी पाण्याखालून नुसते काढायचे, ते मी पाहिलेलं आहे.

डोळे झाले तरी बैल पुरा झाला नाही. खरं काम पुढे असायचं. बैल न्यायला लेकरू आलं की भाऊ त्याला पाटावर बसवायचे, बैल त्याच्या मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "नाव काय ठेवलं?" लेकरू सांगेल ते नाव बैल उलटा करून पोटाखाली काळ्या रंगानं लिहायचे. ढवळ्या, पवळ्या, राजा, हिरा, मोती, जे असेल ते. भाऊ शिकलेले चौथीपर्यंत, पण अक्षर असं की छापखान्यानं मान खाली घालावी. तरुणपणी बसस्टँडवर पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली त्यांनी ते गिरवलं होतं. ब्रश स्वतः बांधलेला, बकरीच्या केसांचा, बोरीच्या काडीला. त्याला हात लावायची परवानगी कोणालाच नव्हती. कौसल्यावहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "माह्या मंगळसूत्रापक्षा जास्त जपते हा मानूस त्या ब्रशले."

आणि नाव सांगायचं ते लेकरानंच. आईबापांना तिथे तोंड उघडायची सोय नव्हती. बदलीवर आलेले एक साहेब एकदा मुलाला घेऊन आले होते. साहेबांनी ऐटीत सांगितलं, "सुलतान लिहा." मुलगा म्हणाला, "कांदा." साहेब म्हणाले, "अरे, कांदा काय? सुलतान." भाऊ साहेबांकडे न बघताच म्हणाले, "तुमी चूप बसा जी. बैल तुमचा हाये का त्याचा?" आणि सुबक, ठसठशीत, वेलबुट्टीच्या तोडीचं अक्षर काढून लिहिलं: कांदा. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मुलगा मात्र तो बैल छातीशी घट्ट धरून गेला.

आणखी एक खोड सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं महाभारत त्या खोडीनं झालं. भाऊ कोणाकडे काही रिकामं पाठवत नसत. त्यांच्याकडे वाटीभर भाजी पाठवली की वाटी परत येताना तिच्यासोबत काहीतरी यायचंच. भवरा, खुंटी, रवी, नाहीतर लाटणं. माझ्या घरी आज नऊ लाटणी आहेत. कितीदा सांगितलं, भाऊ, पोळ्या लाटणारे हात दोनच आहेत! तर म्हणायचे, "रिकामी वाटी परत कराव काय बाई? अपशकुन असते."

आता त्या महाभारताकडे येते. सुरुवात आमच्याच घरातून झाली, हे आधीच कबूल करते. माझी मुलगी पल्लवी अमरावतीला नोकरी करते. दिवाळीत आली असताना तिनं भाऊंच्या बैलांचे फोटो काढले आणि इंटरनेटवर त्यांच्या नावाचं एक पान उघडून दिलं. बैल उलटा, पोटाखाली ढवळ्या लिहिलेलं, हा फोटो लोकांना फारच आवडला. पुण्याहून, नागपुराहून मागण्या यायला लागल्या. भाऊंचा मोबाइल सुतळीनं बांधून पिशवीत असायचा, त्यामुळे सगळे फोन मलाच. मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू?

आणि जेठाच्या महिन्यात रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. चार पानं इंग्रजी. भाऊ ते घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "पाहा बरं बाई, कोन्या पाव्हण्याची चिठ्ठी हाये?"

पाव्हण्याची कसली! खेळणी करणारी एक मोठी कंपनी होती. नाव घेत नाही, घेतलं तर मलाही नोटीस यायची. तिचा एक प्लॅस्टिकचा बैल बाजारात होता. बटण दाबलं की हंबरतो आणि डोळ्यांत लाल दिवे लागतात. त्या बैलाचं नाव तिनं ठेवलं होतं ढवळ्या, आणि खेळण्यांसाठी हे नाव सरकारदरबारी स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं होतं. म्हणून आता देवराव सुतार, मुक्काम पोस्ट महागाव, यांनी आपल्या खेळण्यांवर ढवळ्या हे नाव लिहिणं ताबडतोब बंद करावं, नाव लिहिलेला सगळा माल नष्ट करावा आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. खाली कंपनीच्या वकीलबाईंची सही.

मी मराठीत समजावून सांगत होते. भाऊ मान हलवत होते. एका जागी त्यांनी मला थांबवलं.

"नष्ट म्हंजे?"

"म्हणजे फोडून टाका. नाहीतर जाळा."

"पोळ्याचा बैल जाळा म्हनते?"

"हाव."

त्यांनी ते पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "लेकरू नसन बाई त्याहीच्या घरी."

त्यांना माल गेला तर काय, नुकसान किती, यातलं काहीच सुचत नव्हतं. पोळ्याला लेकरू पाटावर बसेल, नाव सांगेल आणि आपल्याला लिहिता येणार नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. तेवढ्यानं माणूस पार उतरून गेला. मी म्हटलं, घाबरू नका, सोमवारी माझ्या ओळखीच्या वकीलसाहेबांना दाखवून छान कडक उत्तर टाइप करते. तोवर काही करू नका. चकार शब्द बोलू नका, काही लिहू नका. त्यांनी मान हलवली. मान हलवण्यात हा माणूस पहिल्यापासून पटाईत.

सोमवारी मी कागद घेऊन गेले तर म्हणाले, "उत्तर त देल्लं म्या शनिवारीच."

त्याची नक्कल कौसल्यावहिनींनी वहीत ठेवली होती. ती मी तिथेच उभ्यानं वाचली. अशी होती:

"वकीलबाई यांस देवराव सुतार याचा रामराम. तुमचं पत्र पावलं. शोभाबाईनं वाचून दाखवलं. तुमी लिहलं ते खरं हाये. मी ढवळ्या लिहतो. माह्या आधी माहा बाप लिहत होता. किती लिहले ते मोजले नाही. यंदाही लिहीन म्हनतो. तुमच्या घरी लेकरू असन त त्याच्यासाठी एक ढवळ्या पाठवला हाये. चाक घट्ट वाटलं त एरंडीचं तेल घाला. पोळ्याले या."

मी वही मिटली. "पाठवला हाये म्हणजे? बैल पाठवला?"

"रिकामी चिठ्ठी कशी पाठवाव?"

"नाव लिहून?"

"नाव नसलेला बैल द्याव काय कोनाले?"

बावीस वर्षं कोर्टाच्या दारात बसते आहे, पण गुन्ह्याचा मुद्देमाल स्वतःच पॅक करून, पोस्टाचा खर्च भरून फिर्यादीच्या घरी पाठवणारा आरोपी मी तोवर पाहिला नव्हता. मी कपाळाला हात लावून त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

व्हायचं तेच झालं. दुसरी नोटीस आली. आपण पत्रात सगळं कबूल केलं आहे, तरी आता कोर्टात भेटू. सोबत त्या बैलाचा रंगीत फोटो होता. बिचारा टेबलावर उताणा पडलेला, चारी चाकं वर, गळ्यात घंटीच्या जागी चिठ्ठी बांधलेली: पुरावा क्रमांक तीन.

तो फोटो पाहून माझा संताप संताप झाला. पल्लवीला पाठवला. तिनं भाऊंचं पत्र, नोटिशीचं शेवटचं पान आणि तो फोटो असं तिन्ही एकत्र इंटरनेटवर टाकलं आणि खाली एवढंच लिहिलं, "आमच्या गावच्या बैलाला अटक झाली आहे."

मग जे उसळलं, बापा! दोन दिवसांत ते कुठल्या कुठे गेलं. माळ्यावर, पेटीत, देवघराच्या मागे पडलेले लाकडी बैल लोकांनी धूळ झटकून काढले, उलटे केले आणि पोटाखालच्या नावाचे फोटो टाकायला लागले. ढवळ्या, ढवळ्या, ढवळ्या. वर्ध्याचा ढवळ्या, अकोल्याचा एका शिंगाचा ढवळ्या, परदेशात बर्फात उभा केलेला ढवळ्या. एकानं लिहिलं, माझ्या आजोबांच्या गोठ्यात ढवळ्या होता, नोटीस स्वर्गात पाठवा. दुसऱ्यानं विचारलं, हंबरण्याचीही नोंदणी झाली आहे काय, आमच्या गाई सकाळपासून गप्प आहेत. कंपनीच्या प्लॅस्टिकच्या बैलाला जो तो एकच तारा द्यायला लागला. "शेण देत नाही," "डवऱ्याला जुंपला तर बसून घेतो," अशा तक्रारी. कंपनीनं पत्रक काढलं की आम्हाला परंपरेचा आदर आहे. त्यावर तर लोक जास्तच खवळले.

संध्याकाळी टेबल आवरून मी भाऊंच्या ओट्यावर जायची आणि लोकांचं लिहिणं मोठ्यानं वाचून दाखवायची. भाऊ कानशीनं शिंगं घासत ऐकायचे आणि खुदुखुदु हसायचे. शेणाची तक्रार तर त्यांनी मला तीनदा वाचायला लावली. त्यांना वाटलं, इतके लोक म्हणत आहेत म्हणजे आता मिटलंच. मलाही तसंच वाटत होतं.

एक दिवस वाचता वाचता मी अडखळले आणि पुढच्यावर गेले. म्हाताऱ्याचे कान तिखट.

"थांबल्या काहून?"

"काही नाही, फालतू आहे."

"वाचा जी."

नोटिशीच्या शेवटच्या पानावर त्या वकीलबाईंचं नाव होतं, सही होती आणि फोन नंबर होता. पल्लवीनं घाईत तो झाकला नव्हता. चूक आमचीच. कोणीतरी तिचा फोटो शोधून काढला होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी. तिच्याबद्दल लोकांनी जे लिहिलं होतं ते मी भाऊंना अर्धंच वाचून दाखवलं, तेही नजर खाली घालून. बाईमाणसाला रस्त्यात कोणी असं बोललं तर गाव जोडे काढेल. इथे शेकडो लोक बोलत होते आणि वर भाऊंच्या बैलाचा फोटो लावून बोलत होते.

भाऊंनी कानस खाली ठेवली. "हे माह्या बाजूनं बोलून राह्यले?"

"हाव."

"लावा तिले फोन."

मी म्हटलं, भाऊ, ती तुमच्या विरुद्ध पार्टीची वकील आहे, असा फोन करत नसतात. ते म्हणाले, "तुमचा कायदा तुमच्याजवळ ठेवा. लावा." दोनदा तिनं उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि रडवेल्या आवाजात एकदम म्हणाली, "प्लीज, आता बस करा हो."

भाऊ फोन हातभर लांब धरून ओरडले, "पोरी, मी बैलवाला बोलतो! महागावचा!"

मग भाऊंनी विचारलं, "जेवली काय तू?"

पोरगी हमसून हमसून रडायला लागली. मधे मधे सांगत होती. मी साधी नोकरी करते काका, वरून सांगितलं तशी सही केली. आई घाबरली आहे, चार दिवस ऑफिसला गेले नाही. भाऊंचे डोळे भरले होते. ते म्हणाले, "तू काहून रडतं? तुह्यं काम तू केलं. आयक, मी तुले शब्द देतो. तुमचा हा कागद मिटत नाही तोवर मी कोन्याच बैलावर नाव लिहत नाही. हे तुह्या कंपनीले नाही, तुले सांगून राह्यलो. आता जेव."

फोन बंद झाल्यावर मी अक्षरशः कडाडले. अहो, सगळा मुलूख तुमच्या पाठीशी उभा आणि तुम्ही हत्यार खाली ठेवता? आणि कोण्याच बैलावर नाही म्हणजे काय? भांडण एका ढवळ्याचं आहे, राजा-मोती तरी लिहा!

"राजावाल्या पोट्ट्याले लिहून देऊ अन् ढवळ्यावाल्यानं काय पाप केलं?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं त्यांचा व्हिडिओ काढला. बोलले ते असं: "रामराम. तुमी माह्यासाठी बोलले, लय उपकार. पन त्या पोरीले कोनी काही बोलू नका. तिचा नंबर पुसा. नाव माह्या बैलाचं गेलं तरी चालन, तिचं जाऊ नये." बस. एवढं बोलून पुन्हा कानस घेतली.

निम्म्या लोकांनी हात जोडले. उरलेल्यांनी आदल्या दिवशी ज्याला देव केलं होतं त्यालाच झोडायला सुरुवात केली. कंपनीनं तोंड बंद केलं वाटतं, किती मिळाले, विकला गेला म्हातारा. पल्लवी फोन फेकून रडली. भाऊंनी मला विचारलं, "काय म्हनते?" मी म्हटलं, म्हणतात विकले गेले. ते म्हणाले, "मले कोन घेईन बाई? दात त पाहा." हसले खरे, पण चार दिवस चौकात चहाला गेले नाहीत. त्या माणसानं चौकातला चहा चुकवलेला मी कधी पाहिला नव्हता.

पोळ्याच्या आठ दिवस आधी कंपनीचा मेल आला. भाषा एकदम लोण्यासारखी. श्री. देवराव यांना ढवळ्या हे नाव वापरायला कंपनी आनंदानं परवानगी देत आहे, एक पैसाही नको, फक्त सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी. वकीलसाहेब म्हणाले, करून टाका. मी म्हटलं, करून टाका. कौसल्यावहिनी म्हणाल्या, करा बापा एकदाची, अन् झोपा. भाऊंनी कागद मला दोनदा वाचायला लावला.

"म्हंजे नाव त्याहीचं हाये, अन् ते मले वापराले देऊन राह्यले. असंच लिहलं ना?"

"तसंच."

"त्याहीचं असतं त म्या घेतलं असतं जी, हात जोडून घेतलं असतं. पन त्याहीचं नाही ते त्याहीच्या हातून कसं घेऊ? अन् माह्यंही नाही. लेकराचं हाये. त्याच्या नावावर मी कशी सही करू?"

सही केली नाही. मी त्यांच्यावर इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्या घरी भाजी पाठवली नाही.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आमच्या गल्लीत मावत नव्हती इतकी गर्दी. नागपुरातून तीन-चार पोरं कॅमेरे घेऊन आली होती. ओट्यावर बैल मांडलेले, एकाहून एक देखणे, आणि सगळ्यांची पोटं कोरी. ब्रश आणि काळ्या रंगाची डबी भाऊंनी सवयीनं बाजूला ठेवली होती, झाकण घट्ट लावून. कॅमेरेवाले ओरडत होते, "लिहा भाऊ, ढवळ्या लिहा! आम्ही लाइव्ह दाखवतो! बघू कंपनी काय करते!"

"शब्द देल्ला हाये," भाऊ म्हणाले.

"कोणाला?"

"एका पोरीले."

त्यांना ते पटलं नाही. एकानं तर तोंडावर म्हटलं, एवढ्या लांब कशाला आलो मग आम्ही? माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण तेवढ्यात एक पोरगी पाटावर येऊन बसली. सात वर्षांची असेल, दोन वेण्या, नवा फ्रॉक. आता पोरीही बैल आणतात. भाऊंनी रीतीप्रमाणे तिच्या मांडीवर बैल ठेवला आणि त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "नाव काय ठेवलं?"

"ढवळ्या."

भाऊंनी रंगाची डबी जरा लांब सरकवली. मग म्हणाले, "मले लिहता येत नाही बाई यंदा."

"काहून? अक्षरं इसरले?"

सगळे हसले, भाऊ सोडून. पोरीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग मी लिहू? मी दुसरीत हावो. मले येते."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला कायदा विचारला. "शोभाबाई, चालन काय?"

मी गर्दीतून मोठ्यानं म्हटलं, "नोटीस तुमच्या नावानं हाये भाऊ, तिच्या नाही. शब्द तुमी देल्ला, तिनं नाही. लिहू द्या तिले!"

त्यांनी डबीचं झाकण उघडलं. ब्रश बुडवला, डबीच्या काठाला निपटला आणि त्या पोरीच्या हातात दिला. कौसल्यावहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. भाऊंनी बैल मांडीवर उलटा घट्ट धरला आणि पोरीनं जीभ बाहेर काढून लिहायला घेतलं. पहिलं अक्षर एवढं मोठं झालं की शेवटचं पायावर चढवावं लागलं. रंगाचा ओघळ आला. भाऊंचा हात शिवशिवत होता, मला दिसत होतं. "जरा सरळ..." असं म्हणाले आणि मधेच थांबले. मग म्हणाले, "झ्याक झालं."

त्यानंतर रांग लागली. दुपार टळेपर्यंत भाऊ उलटे बैल मांडीवर धरून बसले आणि गावातल्या लेकरांनी आपापल्या बैलांची नावं लिहिली. कॅमेरेवाल्यांनी ते दाखवलं की नाही, मी पाहायला गेले नाही. संध्याकाळी भाऊंचं धोतर, हात, कपाळ सगळं काळं झालं होतं, ब्रशचे केस झाडूसारखे फिसकटले होते, आणि वहिनी त्यांना विचारत होत्या, आता घासू कशानं तुमाले, राखेनं का राकेलनं?

कापूस वेचणी चालू असताना कंपनीचं पत्र आलं, दोन ओळींचं. हाती केलेल्या पारंपरिक खेळण्यांवरच्या या नावाबाबत आमची कोणतीही तक्रार नाही, नोटीस मागे घेत आहोत. मी टेबल तसंच टाकून धावत आले आणि ओट्यावर उभी राहून वाचून दाखवलं. भाऊंनी विचारलं, "त्या पोरीचं काय झालं?" तिला फोन लावला. तिनं ती नोकरी सोडली होती, दुसरीकडे लागली होती, बरी होती. "काका, आता लिहा हो," म्हणाली. भाऊंनी तिला जेवणाचं विचारलं आणि मगच फोन मला परत दिला.

पुढच्या पोळ्याला ते नव्हते. संक्रांतीच्या आधीच गेले, दुपारी जेवून जरा पडले ते पडलेच. माणूस गेल्यावर लोक मला इंटरनेटवरचं सगळं विचारतात, किती लोकांनी पाहिलं, कंपनी कशी वाकली. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मला ते पत्र आल्याची दुपार आठवते.

पत्र वाचून झालं तसे भाऊ मागच्या अंगणात गेले आणि उन्हात ठेवलेला एक बैल घेऊन आले, डोळे केलेला, पोट कोरं. मला म्हणाले, "बसा पाटावर."

"मी? काय भाऊ, पन्नाशी उलटली माझी."

"लहानपनी होता काय तुमाले बैल?"

नव्हता. आमच्या घरी बैल भावांना मिळायचे. मी आरतीचं ताट धरून उभी राहायची आणि त्यांचे बैल ओवाळायची. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. मी पाटावर बसले. त्यांनी बैल माझ्या मांडीवर ठेवला. शिवणीचं लाकूड, वजनाला हलकं, अजून उन्हाचं कोमट. नवा ब्रश बांधलेला होता. डबीचं झाकण उघडलं.

"नाव काय ठेवलं?" त्यांनी विचारलं, आणि कान माझ्याजवळ आणला.

मी सांगितलं. ते हसले नाहीत. बैल उलटा करून त्यांनी सावकाश लिहिलं, एकेक अक्षर, वरची रेघ दोरीत धरल्यासारखी सरळ. वहिनींनी आतून विचारलं, काय लिहिलं हो? ते म्हणाले, "तिचं हाये, तिले पुसा." मी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. मग त्यांनी ओल्या अक्षरांवर हळूच फुंकर घातली, बैल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सांजपर्यंत हात लावू नका, वाळू द्या."